सोमवारी ध्वनी, शुक्रवारी मासे: इंग्लंडमधल्या कॅथलिक प्राथमिक शाळेचा एक आठवडा

इंग्लंडमध्ये मुलाला कॅथलिक प्राथमिक शाळेत घालायचं तर बहुतेक ठिकाणी फी भरावी लागत नाही. जागा कमी आणि अर्ज जास्त असले की मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला मात्र मागितला जातो. महाराष्ट्रातल्या पालकाला हे सगळं उलटं वाटेल. आपल्याकडच्या कॉन्व्हेंटमध्ये फी असते, इंग्रजी असतं, शिस्त असते. वर्गातली बहुतेक मुलं ख्रिस्ती नसतात आणि त्यांच्या वाट्याला फार तर ‘मॉरल सायन्स’चा तास येतो. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलावर धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही, असं आपल्या संविधानाचं २८वं कलम सांगतं. इंग्लंडमधली कॅथलिक शाळा मात्र सरकारी व्यवस्थेचाच भाग असते. शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून होतात आणि दिवस सुरू होतो क्रुसाच्या खुणेने.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा दोन हजारांहून अधिक शाळा आहेत. इंग्लंडमध्ये सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांपैकी साधारण दर दहावी शाळा कॅथलिक आहे आणि त्यांतल्या बहुसंख्य प्राथमिक आहेत. तिथे राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाला घराजवळची शाळा म्हणून अनेकदा हीच शाळा दिसते आणि मग प्रश्न पडतात. पाच-सहा वर्षांचं मूल तिथे दिवसभर करतं काय? नुसती प्रार्थनाच, की वाचायला-मोजायलाही शिकतं? त्यासाठी ‘इयर वन’, म्हणजे पाच ते सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गातला, डिसेंबरच्या सुरुवातीचा एक आठवडा पाहू. हे कुण्या एका शाळेचं वर्णन नव्हे. अशा शाळांत सर्रास जे दिसतं, तेवढंच इथे घेतलं आहे. त्यातून एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. या वर्गात अक्षरं, आकडे आणि प्रार्थना ही तिन्ही एकाच रीतीने शिकवली जातात: थोडं थोडं, रोज, वस्तू हातात घेऊन, मोठ्याने आणि सगळ्यांच्या बरोबर.

आधी शाळा, मग चर्च

वर्गात शिरण्याआधी ही शाळा आली कुठून ते पाहायला हवं. सोळाव्या शतकात इंग्लंडचं राजघराणं पोपच्या सत्तेपासून फुटलं. पहिल्या एलिझाबेथच्या काळात तर कॅथलिक असणंच धोक्याचं झालं. धर्मगुरूंना देशद्रोही ठरवून मृत्युदंड दिला जाई, कॅथलिक शाळा चालवणं बेकायदा होतं आणि ऐपतदार घरांतली मुलं गुपचूप समुद्रापार शिकायला धाडली जात. याच काळात विल्टशर परगण्यातला थॉमस स्टीफन्स हा तरुण रोमला जाऊन जेझुइट या कॅथलिक संघात दाखल झाला आणि १५७९ साली गोव्यात उतरला. तोच आपला फादर स्टीफन्स. सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ त्याने मराठीत रचलं आणि १६१६ साली ते गोव्यात राचोलला छापलं गेलं. आज त्याच विल्टशरमधल्या स्विंडन शहरात गोव्याहून गेलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. ज्या परगण्यातून शिकलेला कॅथलिक तरुण परागंदा होऊन गोव्याला आला, तिथे आता गोव्याची मुलं सरकारी खर्चाने कॅथलिक शाळेत शिकू शकतात.

हा बदल व्हायला अडीचशेहून अधिक वर्षं गेली. १८२९च्या कायद्याने कॅथलिकांवरची बहुतेक बंधनं उठली. १८४५पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडून दुष्काळ पडला आणि लाखो आयरिश माणसं लिव्हरपूल, मँचेस्टर, लंडनच्या गलिच्छ वस्त्यांत येऊन राहिली. त्यांच्या मुलांना कोण शिकवणार? १८५२ साली इंग्लंडच्या बिशपांनी सभेत ठरवलं की, नव्या वस्तीत चर्चच्या आधी शाळा उभारावी आणि तूर्त तिचाच उपयोग प्रार्थनेसाठी करावा. गरीब स्थलांतरितांच्या वर्गणीतून या शाळा उभ्या राहिल्या. १९४४च्या शिक्षण कायद्याने त्यांना सरकारी व्यवस्थेत कायमची जागा दिली: रोजचा खर्च आणि पगार सरकारचे, इमारतीच्या खर्चाचा निम्मा भार चर्चचा. तो भार कमी होत होत पुढे दहा टक्क्यांवर आला. अलीकडे यांतल्या अनेक शाळा ‘अकॅडमी’ या नव्या व्यवस्थेत गेल्या आहेत, पण धर्मशिक्षण, शिक्षकांची निवड आणि प्रवेशाचे नियम यांवरचा चर्चचा हक्क तिथेही टिकून आहे.

स्थलांतरितांशी असलेलं या शाळांचं नातंही तुटलेलं नाही. आयरिश लोकांनंतर पोलिश, फिलिपिनो, नायजेरियन आले. केरळच्या परिचारिका मोठ्या संख्येने आल्या आणि केरळमधल्या सिरो-मलबार या कॅथलिक पंथासाठी २०१६ साली प्रेस्टन शहरात स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. आज या शाळांतली एक तृतीयांशाहून अधिक मुलं तर कॅथलिकच नाहीत.

सोमवार: अक्षराचं नाव आणि अक्षराचा आवाज

सोमवारी हजेरी आणि प्रार्थना झाली की पहिला महत्त्वाचा तास फोनिक्सचा, म्हणजे ध्वनी जोडून वाचायला शिकण्याचा. तो वीस ते तीस मिनिटांचाच, पण रोज आणि सहसा सकाळीच असतो, कारण त्या वेळी मुलं ताजीतवानी असतात. इंग्रजीत अक्षरं २६ आणि ध्वनी सुमारे ४४. त्यामुळे एका ध्वनीला कधी दोन, कधी तीन अक्षरं लागतात आणि एकच ध्वनी अनेक प्रकारे लिहिला जातो. ‘रेन’, ‘डे’ आणि ‘केक’ या तिन्ही शब्दांत ‘ए’ हा ध्वनी सारखाच, पण त्याचं स्पेलिंग तीन तऱ्हांचं. देवनागरीत वाढलेल्या मुलाला ही अडचण फारशी येत नाही, कारण आपल्याकडे अक्षराचं नाव हाच बहुधा त्याचा उच्चार असतो. इंग्रजीत तसं नाही. ‘सी, ए, टी’ ही तीन नावं कितीही भरभर म्हटली तरी त्यांतून ‘कॅट’ निघत नाही. म्हणून नावं बाजूला ठेवून आधी आवाज शिकवतात: क्, अॅ, ट्. हे तीन आवाज जोडले की शब्द तयार होतो. उलट शब्द ऐकून त्याचे आवाज सुटे करायचे, बोटांवर मोजायचे आणि लिहायचे. तासाची घडणही ठरलेली असते. कालचे ध्वनी पुन्हा म्हणायचे, एक नवा शिकायचा, तो शब्दांत वाचायचा, शेवटी एखादं वाक्य वाचायचं किंवा लिहायचं.

इथे मराठी घरांत एक गंमत होते. आपल्या ‘क’मध्ये ‘अ’ मुरलेला असतो. घरी आई-बाबा ‘क, अॅ, ट’ असं म्हणून दाखवतात आणि मुलाच्या तोंडी ‘कअॅटअ’ असा काहीतरी शब्द येतो. शिक्षिका मात्र मुलांकडून ‘क्’, ‘ट्’ असे पाय मोडलेले उच्चार घोटून घेत असते. ‘स्’ आणि ‘म्’ तर लांबवून म्हणायला लावते. घरात आणि शाळेत उच्चार वेगवेगळे झाले की मूल गोंधळतं. म्हणून बऱ्याच शाळा पालकांसाठी सुरुवातीलाच फोनिक्सची सभा घेतात.

सगळ्या देशात हीच पद्धत आली त्यामागे बराच वाद आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या क्लॅकमननशर भागात सुरू झालेल्या अभ्यासात ध्वनी जोडून वाचायला शिकलेली मुलं शब्दवाचनात पुढे गेलेली दिसली. २००६ साली जिम रोझ यांच्या अहवालाने हीच पद्धत सर्वत्र वापरण्याची शिफारस केली. २०१२पासून इयर वनच्या मुलांची जूनमध्ये एक छोटी तपासणी होते. शिक्षक एकेका मुलाला जवळ बसवून ४० शब्द वाचून घेतात. त्यांतले २० शब्द खरे असतात आणि २० चक्क बनावट. बनावट शब्दाशेजारी परग्रहावरच्या प्राण्यासारखं चित्र असतं, म्हणजे हा शब्द कुठल्याच भाषेत नाही हे मुलाला कळतं. खरा शब्द मूल पाठांतराने ओळखू शकतं. कधी न पाहिलेला शब्द वाचता आला तरच ध्वनी जोडण्याची कला आली असं मानता येतं. मुलांचे लेखक मायकेल रोझन यांच्यासारखे टीकाकार म्हणतात की, असं वाचन म्हणजे अर्थाविना आवाज काढणं. मुलाला गोष्टीची ओढ लागली पाहिजे. टीकेत तथ्य आहे. म्हणूनच चांगला शिक्षक फोनिक्सचा तास संपला की दुपारी पुस्तक उघडून गोष्ट वाचून दाखवतो आणि तिथे मुलं ध्वनी मोजत बसत नाहीत.

संध्याकाळी दप्तरातून एक पातळसं पुस्तक घरी येतं. त्यात शिकवून झालेलेच ध्वनी असतात. सोबत एक वही असते. पालकांनी मुलाकडून पाच-दहा मिनिटं वाचून घ्यायचं आणि वहीत दोन शब्द लिहून सही करायची.

मंगळवार: दहाची चौकट

गणिताच्या तासाला टेबलावर लाल-पिवळ्या चकत्या, एकमेकांत अडकणारे ठोकळे आणि दहा घरांची चौकट असते. पाच घरांची एक ओळ, तिच्याखाली पाचांची दुसरी. सात चकत्या ठेवल्या की तीन घरं रिकामी दिसतात. सात आणि तीन मिळून दहा हे मूल आधी हाताने करतं, मग चित्र काढतं आणि शेवटी आकड्यांत लिहितं. वस्तू, चित्र, चिन्ह या क्रमामागे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांचा विचार आहे. सिंगापूरने १९८०च्या दशकात आपल्या शाळांमध्ये तो क्रम रुजवला आणि तिथून तो इंग्लंडच्या वर्गांत पोचला. नव्या संख्यांकडे धावण्याआधी दहाच्या आतल्या सगळ्या जोड्या मुलाच्या अंगवळणी पडाव्यात, असा आग्रह असतो.

दहाच्या पुढे गेलं की इंग्रजी अडवते. ‘इलेव्हन’ आणि ‘ट्वेल्व्ह’ या नावांत दहा कुठे लपला आहे ते कळत नाही. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ कानाला सारखेच वाटतात. मराठीत तर ही अडचण शंभरपर्यंत पुरते. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बावीस’च्या जोडीला ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत आणली, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते अनेकांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचा मुद्दा साधा होता: संख्येच्या नावातून तिची घडण दिसली तर मुलाला ती लवकर समजते. इंग्लंडमधला शिक्षक नाव बदलत नाही. तो दहा ठोकळ्यांची एक दांडी आणि तीन सुटे ठोकळे समोर ठेवून ‘एक दहा आणि तीन एकक’ असं मुलांकडून म्हणवून घेतो. अडचण दोन्हीकडे तीच, उपायांचं मूळही तेच.

उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं, हीसुद्धा या तासाची एक सवय. ‘दहा’ एवढंच म्हणून चालत नाही. ‘सात हा एक भाग, तीन हा दुसरा भाग, दहा ही पूर्ण संख्या’ असं आधी सगळा वर्ग म्हणतो, मग एकेक मूल म्हणतं. आपल्या घरांत दिवेलागणीला परवचा म्हणण्याची रीत होती. तिच्यात रोजची उजळणी होती, मोठ्याने म्हणणं होतं; इथे त्याला हातातल्या ठोकळ्यांची आणि ‘का’ या प्रश्नाची जोड मिळाली आहे.

बुधवार: जांभळं कापड आणि चार मेणबत्त्या

वर्गाच्या कोपऱ्यात एक छोटं टेबल असतं. त्यावर क्रूस, बायबल, मेणबत्ती आणि खाली रंगीत कापड. कापडाचा रंग चर्चच्या वर्षाप्रमाणे बदलतो: सामान्य काळात हिरवा, नाताळ आणि ईस्टरला पांढरा, पेन्टेकॉस्टच्या सणाला लाल. डिसेंबरच्या सुरुवातीला तो जांभळा असतो, कारण आगमनकाळ सुरू झालेला असतो. नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या चार मेणबत्त्या, त्यांतल्या तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, हिरव्या पानांच्या वर्तुळात खोवलेल्या असतात. दर आठवड्याला एक जास्त पेटते. पाच वर्षांच्या मुलाला कालगणना समजत नाही, पण ‘दोन पेटल्या, दोन राहिल्या’ हे समजतं. काळ किती गेला आणि किती उरला, ते त्याला डोळ्यांनी दिसतं.

कॅथलिक शाळांनी एकूण अध्यापनाच्या वेळेपैकी किमान दहा टक्के वेळ धर्मशिक्षणाला द्यावा, असा बिशपांचा दंडक आहे. आठवड्याला हे साधारण अडीच तास होतात. रोजच्या प्रार्थना यात धरलेल्या नाहीत. सकाळी, जेवणाआधी आणि घरी जाताना होणाऱ्या त्या प्रार्थना वेगळ्या. २०२३ साली बिशपांनी या विषयाची नवी चौकट जाहीर केली. तिच्यात वर्षाचे सहा टप्पे आहेत. सृष्टीच्या निर्मितीपासून सुरुवात, मग आगमनकाळातली वचनं, येशूचं कार्य, प्रायश्चित्तकाळ आणि पुनरुत्थान, आरंभीच्या चर्चची कहाणी आणि शेवटी इतर धर्मांशी संवाद. म्हणजे हिंदू, मुस्लीम, शीख, ज्यू शेजाऱ्यांविषयी शिकणं हा कॅथलिक धर्मशिक्षणाचाच भाग मानला आहे. या विषयाची तपासणीही वेगळी होते. बाकीच्या विषयांसाठी सरकारची ‘ऑफस्टेड’ ही तपासणी संस्था, तर धर्मशिक्षण आणि प्रार्थनेसाठी चर्चचे निरीक्षक.

लहान मुलांना धर्म शिकवायचा तो कसा? या आठवड्यात विषय आहे लूकच्या शुभवर्तमानातली गब्रिएल दूत मरीयेकडे निरोप घेऊन येतो ती गोष्ट. शिक्षक जमिनीवर बसतो, लाकडाच्या छोट्या बाहुल्या हळूहळू सरकवत गोष्ट सांगतो आणि मग प्रश्न विचारतो: मरीयेला काय वाटलं असेल? तू तिच्या जागी असतास तर? एकच एक बरोबर उत्तर अपेक्षित नसतं. या पद्धतीचं मूळ मारिया मॉन्टेसरी यांच्यापर्यंत जातं. त्या स्वतः कॅथलिक होत्या. त्यांच्या विचारावर सोफिया काव्हालेत्ती यांनी १९५४पासून रोममध्ये लहान मुलांच्या धर्मशिक्षणाची पद्धत उभारली आणि पुढे अमेरिकेत जेरोम बेरीमन यांनी ‘गॉडली प्ले’ हा तिचा वेगळा अवतार घडवला. तोच आज ब्रिटनमधल्या अनेक शाळांत वापरला जातो.

मॉन्टेसरींचं नाव मराठी माणसाला परकं नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला, तो याच विचाराच्या प्रेरणेने. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी पुढे बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी या विचाराचं देशी रूप घडवलं. महागड्या साधनांऐवजी चिंचोके, शंख-शिंपले, बिया आणि पानं वापरली. मॉन्टेसरी स्वतः १९३९ साली मद्रासला अड्यारमध्ये आल्या आणि महायुद्धामुळे बरीच वर्षं भारतात राहिल्या. मूल हातांनी शिकतं, या एकाच विश्वासाने रोममध्ये बायबलच्या गोष्टींची साधनं घडली आणि कोसबाडला चिंचोक्यांचं गणित.

दुपारी नाताळच्या नाटकाची तालीम. येशूजन्माचा देखावा जिवंत माणसं आणि जनावरांसह उभा करण्याची प्रथा संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीत ग्रेच्यो इथे केलेल्या देखाव्यापासून रूढ झाली असं मानतात. इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांत आज तो वार्षिक सोहळाच असतो. कुणी मरीया, कुणी सराईचा मालक, कुणी मेंढरू. मेंढपाळांच्या डोक्याला बहुधा स्वयंपाकघरातला फडकाच बांधलेला असतो. एकच वाक्य वाट्याला आलेलं मूल ते वाक्य दोन आठवडे घरभर म्हणत फिरतं. त्यातून त्याला ठरल्या वेळी बोलायला, दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायला आणि शेवटच्या ओळीतल्या माणसाला ऐकू जाईल असं बोलायला येतं. फोनिक्सच्या तासाला जे आवाज घोटले, ते इथे कामी येतात.

गुरुवार: आग आणि अंधार

इतिहासात पाच ते सात वर्षांच्या मुलांना बहुधा १६६६ची लंडनची मोठी आग शिकवतात. रविवार, २ सप्टेंबरला पहाटे पुडिंग लेनमधल्या थॉमस फॅरिनर या पाववाल्याच्या दुकानात आग लागली आणि पुढचे चार दिवस ती धुमसत राहिली. १३,२०० घरं आणि ८७ चर्चेस जळाली. विषय लहान मुलांना आवडतो, कारण त्यात भट्टी आहे, वारा आहे, लाकडी घरं आहेत आणि रोजनिशी लिहिणाऱ्या सॅम्युएल पीप्सने बागेत खड्डा खणून पुरलेलं पार्मेझान चीज आहे. मुलं पुठ्ठ्याच्या खोक्यांची गल्ली करतात आणि घरं जवळजवळ ठेवली तर काय होईल याचा अंदाज बांधतात. ‘हे आपल्याला कसं कळलं?’ हा इतिहासाचा मूळ प्रश्न पीप्सच्या रोजनिशीमुळे सहाव्या वर्षीच समोर येतो. मराठी घरातल्या मुलाला आणखी एक धागा जोडून देता येईल: त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले होते.

कॅथलिक शाळेसाठी या आगीला आणखी एक पदर आहे. तो लहानांना सांगत नाहीत, मोठ्या वर्गात सांगता येतो. आगीचा ठपका लंडनकरांनी परदेशी लोकांवर आणि कॅथलिकांवर ठेवला. रोबेर युबेर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीने गुन्हा कबूल केला आणि त्याला फाशी झाली. आग लागली तेव्हा तो लंडनमध्ये पोचलाही नव्हता हे नंतर उघड झालं. आगीच्या स्मृतिस्तंभावर १६८१ साली कॅथलिकांना दोष देणारा मजकूर कोरला गेला. तो कायमचा पुसला गेला १८३० साली, म्हणजे कॅथलिकांवरची बंधनं उठल्याच्या पुढच्या वर्षी. आपत्ती आली की अल्पसंख्याकांवर बोट दाखवायचं, हे अफवांचं शास्त्र शिकवायला याहून चांगला धडा सापडणं कठीण.

विज्ञानाचा विषय या वर्षी ऋतुबदल. दिवस लहान-मोठा होतो हे पाहणं हे अभ्यासक्रमातच आहे. त्यासाठी डिसेंबरसारखा महिना नाही. लंडनमध्ये या दिवसांत सूर्य सकाळी आठच्या सुमाराला उगवतो आणि दुपारी चारच्या आधीच मावळतो. सर्वांत लहान दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा भरतो. मुंबईत तो अकरा तासांच्या आसपास असतो. शाळा सुटते तेव्हा उजेड कमी व्हायला लागलेला असतो. मुलं रोज हवामान टिपतात आणि कोणत्या महिन्यात कधी अंधारलं याचा तक्ता करतात. दर आठवड्याला एक मेणबत्ती जास्त का पेटवायची, हे बुधवारी धर्माच्या तासाला ऐकलेलं असतं. गुरुवारी खिडकीबाहेर पाहून ते पटतं.

शुक्रवार: मासे, शाबासकी आणि तक्रार

शुक्रवारी शाळेच्या जेवणात तळलेला मासा आणि चिप्स. ही पद्धत इंग्लंडभर, कॅथलिक नसलेल्या शाळांतही आहे. येशूच्या मरणाची आठवण म्हणून शुक्रवारी मांस वर्ज्य करायचं, या जुन्या ख्रिस्ती नियमातून ती आली. इंग्लंड-वेल्सच्या बिशपांनी २०११ साली हा नियम आपल्या लोकांसाठी पुन्हा लागू केला. २०१४पासून इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत पहिल्या तीन वर्षांच्या सगळ्याच मुलांना दुपारचं जेवण मोफत मिळतं. शाकाहारी आणि हलाल पर्यायांची सोय अनेक शाळांत असते.

दुपारी शाळेची सभा. आठवड्यात कुणी चांगलं वाचलं, कुणी नव्या मुलाला खेळायला घेतलं, त्यांना सगळ्यांसमोर प्रशस्तिपत्र मिळतं. वर्गाच्या दाराशी अन्नपेढीसाठी डबाबंद पदार्थांची टोपली भरत असते. दान हा धर्माचा भाग आहे, हे या वयात प्रवचनापेक्षा घरून आणलेल्या डब्यातून अधिक कळतं.

या शाळांविषयी तक्रारीही आहेत आणि त्या खऱ्या आहेत. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचं प्रमाण पहिल्यांदाच निम्म्याखाली, ४६.२ टक्क्यांवर आलं; कोणताही धर्म नाही म्हणणारे ३७.२ टक्के झाले. अशा देशात करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या शाळेने प्रवेशात धर्म का पाहावा, असा प्रश्न मानवतावादी संघटना विचारतात. चांगल्या शाळेसाठी काही पालक अचानक दर रविवारी चर्चला जायला लागतात, हेही जगजाहीर आहे. चर्चचं उत्तर असं की, जमीन आणि इमारतींत पिढ्यान्‌पिढ्या आमच्या लोकांचा पैसा गेला आहे आणि जागा शिल्लक असतील तिथे आम्ही सर्वांना घेतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. स्थानिक पालकाला सर्वांत जवळच्या सरकारी शाळेतून केवळ धर्मामुळे नकार मिळावा, हे मात्र समर्थनीय वाटत नाही. भारताच्या संविधानाने केलेली व्यवस्था या बाबतीत अधिक न्याय्य आहे.

शिकवण्याच्या रीतीबद्दल मात्र या वर्गाकडून घेण्यासारखं पुष्कळ आहे. आपल्याकडे २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ मोहिमेचं ध्येय २०२६-२७पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि मूलभूत गणित यावं, असं आहे. ते गाठायला महागडी साधनं लागत नाहीत, हे कोसबाडने पूर्वीच दाखवलं आहे. लागते ती रोजची, न चुकणारी वीस मिनिटं.

इंग्लंडमध्ये अशी शाळा निवडणाऱ्या मराठी पालकांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. प्रवेशाचे नियम प्रत्येक शाळेच्या संकेतस्थळावर असतात, ते अर्जाआधी वाचावेत. धर्मशिक्षणातून आणि सामूहिक प्रार्थनेतून मुलाला बाहेर ठेवण्याचा कायदेशीर हक्क पालकांना आहे. पण कॅथलिक शाळेचा सगळा दिवसच धर्माने विणलेला असल्याने तो हक्क वापरूनही फारसं काही वेगळं होणार नाही, म्हणून ते वातावरण मान्य असेल तरच तिथे जावं. आणि दप्तरातून येणाऱ्या त्या वहीवर रोज सही करताना, इंग्रजी पुस्तक मिटल्यावर आणखी दहा मिनिटं मराठी गोष्टीला द्यावीत. ते काम कोणतीही शाळा तुमच्यासाठी करणार नाही.